न सुटणारा उपास

आमच्या शुब्रा वस्तीत उपास करणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. विचारतात ते उपास न सोडणाऱ्याला.

ही गोष्ट लबीब तादरोसला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळली, तीही ईस्टरच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, भरल्या ताटासमोर. त्याआधीचे पंचावन्न दिवस त्याने मांस, मासे, दूध, लोणी, अंडं यांतलं काही तोंडात घातलं नव्हतं. पण त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. शुब्र्यातल्या एकाही कॉप्ट ख्रिश्चन घरात कोणी घातलं नव्हतं. वर्षाचे निम्म्याहून जास्त दिवस आमच्याकडे कुठला ना कुठला उपास चालूच असतो आणि मदम्मस नावाची घेवड्याची उसळ, तामियाचे वडे, मसूर, तेलातली वांगी यांवर माणसं मजेत राहतात. या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द आहे, ‘उपासाचं’. भाजीवर, केकवर, बिस्किटाच्या पुड्यावर, हॉटेलच्या पाटीवर तोच शब्द. सोय मोठी. फक्त एक अडचण आहे. असलं खाणाऱ्या माणसाला दुसरं नाव नाही. तो उपास करतोय असंच समजतात.

तर त्या दुपारी इन्साफने, म्हणजे लबीबच्या बायकोने, त्याच्या ताटात बदकाची तंगडी वाढली. लबीबने तिच्याकडे पाहिलं आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

“मला नको.”

“का? शिजलं नाही का?”

“शिजलंय. मला जरा मदम्मस दे.”

ईस्टरच्या जेवणात मदम्मस मागणं म्हणजे स्वतःच्या लग्नात वर्तमानपत्र मागण्यासारखं आहे. टेबलावर सगळ्यांचे चमचे थांबले. त्याची मुलगी दम्याना पाण्याचा ग्लास हातात धरून बसून राहिली. मेहुणी विदाद मात्र गप्प राहणाऱ्यातली नव्हती. ती पलीकडच्याच गल्लीत राहते आणि तिच्या मते हेही तिचंच घर आहे. तिने लबीबकडे निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

“लबीब, काय केलंस तू? आणि अबूनांनी किती दिवस सांगितलेत?”

कारण सणानंतरही उपास चालू ठेवायचा तर तो एकाच कारणाने. चर्चच्या पाद्र्यापुढे, म्हणजे अबूनांपुढे, माणसाने काहीतरी भयंकर कबूल केलेलं असतं आणि अबूनांनी प्रायश्चित्त दिलेलं असतं. लबीब म्हणाला, “काही केलं नाही.” विदादने मान हलवली. मोठं पाप केलेला माणूस हेच म्हणणार.

आता खरं कारण सांगतो. ते लबीबने कोणालाही सांगितलं नव्हतं आणि सांगण्यासारखं ते नव्हतंच.

सणासाठी इन्साफ दरवर्षी गच्चीवर पाच बदकं पाळते. या वर्षी उपासाच्या पहिल्याच आठवड्यात तिचा गुडघा सुजला आणि जिना चढून बदकांना दाणापाणी द्यायचं काम लबीबकडे आलं. पहिले चार दिवस त्याने ते सरकारी कामासारखं केलं. पाचव्या दिवशी एक बदक त्याच्या मागे मागे चालू लागलं. त्याचा डावा पाय किंचित आत वळलेला होता. मान पुढे काढून ते प्रत्येक टोपलीखाली, प्रत्येक डब्यामागे डोकावून बघायचं आणि मग असमाधानाने पुढे जायचं. लबीब ज्या खात्यात सत्तावीस वर्षं दुसऱ्या श्रेणीचा अधिकारी आहे, तिथे तपासणीला येणारे साहेब हुबेहूब असेच चालतात. त्याने त्याचं नाव ठेवलं तपासनीससाहेब.

मग दोघांचं बोलणं सुरू झालं. बोलायचा अर्थातच लबीब. अडलेली बढती, उपसंचालकांचा स्वभाव, दम्यानाचं लग्न, इन्साफचा गुडघा, सगळं काही. तपासनीससाहेब ऐकून घ्यायचे आणि खात्यातल्या तपासनीसांसारखा लेखी खुलासा मागायचे नाहीत. पन्नास दिवसांत लबीबने त्या बदकाला जितकं सांगितलं तितकं त्याने आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, विदाद बाह्या सरसावून आली. बदकांची टोपली स्वयंपाकघरात आणली गेली. ती सुरी घेऊन उभी होती आणि इन्साफ कशासाठी कोण जाणे, “जरा थांब, जरा थांब,” करत होती. लबीब दारात होता. वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. ते वाकड्या पायाचं राहू दे. बस, एवढंच. पण मिशीवाल्या माणसाने, दुसऱ्या श्रेणीच्या अधिकाऱ्याने, मेहुणीसमोर एका बदकासाठी रदबदली कशी करायची? तो म्हणाला, “मी कांदे घेऊन येतो.” घरात कांदे होते. तरी तो गेला, दोन किलो कांदे घेऊन आला आणि टोपलीकडे न बघता आपल्या खोलीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या ताटात जी तंगडी आली ती किंचित आत वळलेली होती.

त्यामुळे विदादने “काय केलंस तू?” असं विचारलं तेव्हा लबीबने ताट आणखी पुढे सरकवलं. तिला वाटत होतं तसं नव्हे, पण केलं तर होतंच. मात्र बदकाची गोष्ट सांगून शुब्राभर हसं करून घेण्यापेक्षा पापी म्हणवून घेणं बरं, असं त्याने ठरवलं. माणसाची अब्रू कुठे अडकलेली असते हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

दिवस जाऊ लागले. गंमत अशी की लबीबला त्रास काहीच नव्हता. सकाळी गरम मदम्मसवर जिरं आणि लिंबू, दुपारी भेंडी, संध्याकाळी मसूर. झोप छान लागत होती, सहा मजले चढून दम लागत नव्हता. तो अगदी खुशीत होता. तब्येत बिघडली होती ती आजूबाजूच्यांची.

दुसऱ्या रविवारी अबूना बिसेंतींनी त्याला चर्चच्या कोपऱ्यात गाठलं.

“लबीब, ईस्टरनंतरचे पवित्र पन्नास दिवस चालू आहेत. या दिवसांत उपास करायला आपल्यात मनाई आहे. आनंदाचे दिवस आहेत हे. माहीत आहे ना?”

“मी उपास करत नाही, अबूना.”

“मग खातोस काय?”

“मदम्मस. मसूर. भेंडी. मुलुखियाचा पाला, पण साध्या पाण्यातला, रश्श्यातला नाही.”

“म्हणजे उपासाचं.”

“उपासाचं, पण उपास नाही.”

अबूनांनी डोळे मिटले. मग शास्त्रार्थाच्या वाटेने जाऊन पाहिलं. “सकाळी तोंडात पहिला घास कधी घालतोस?”

“सात वाजता.”

“दुपारी तीनपर्यंत कोरडा राहत नाहीस?”

“सात ते तीनच्या मधे दोनदा खातो, अबूना.”

“मग हा उपास नव्हे,” अबूना म्हणाले आणि त्यांना हायसं वाटलं. पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. “अरे, पण मी लोकांना सांगू काय? तुझी मेहुणी रोज मला पायरीवर अडवते. प्रायश्चित्त मी दिलं म्हणते, आणि काय दिलं ते मलाच विचारते! असं कर, डॉक्टरचं पत्र आण. प्रकृतीचं कारण दाखवू.”

लबीबला पत्र या शब्दाने बरं वाटलं. कागद म्हटला की सरकारी माणसाला पायाखाली जमीन लागते. तो विमा दवाखान्यात गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दाब पाहिला, मागचे कागद काढले.

“उस्ताद लबीब, तुमचं सगळंच सुधारलंय हो. काय करता तुम्ही?”

“मला मांस खाता येत नाही असं लिहून द्या.”

“का येत नाही? उत्तम येईल. तुम्ही ठणठणीत आहात.” तिने छापील फॉर्म उलटासुलटा केला. “माझ्याकडे ‘उपास झेपणार नाही’ असा फॉर्म आहे. ‘उपास सोडणं झेपणार नाही’ असा नाही. तुम्ही निरोगी आहात, एवढं मी लिहून देऊ शकते.”

तिने तसं लिहिलं, शिक्का मारला. अबूनांनी ते पत्र दोनदा वाचलं. “अरे, निरोगी माणसाला सवलत कशाची द्यायची?” ते म्हणाले आणि पत्र घडी करून लबीबच्या खिशात परत ठेवलं. सत्तावीस वर्षं लबीबने लोकांचे अर्ज असेच परत पाठवले होते, त्यामुळे त्याला तक्रारही करता येईना.

ऑफिसात वेगळीच कथा शिजली. तिथे ठरलं की उस्ताद लबीब मठात जाणार. वाळवंटातले भिक्षू असंच खातात, आणि हल्ली तो कसा शांत दिसतो पाहा. एका सकाळी दोन सहकारी त्याच्या खिडकीजवळच्या टेबलाची लांबी टेपने मोजताना सापडले. “सहज,” ते म्हणाले. त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या बाईने इन्साफचे दोन्ही हात धरून तिला धीर दिला आणि नवऱ्याला मठात पाठवायला संमतीचा कागद लागतो का, असं विचारलं.

इन्साफ वर आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “उस्ताद लबीब.” ती त्याला असं साहेबासारखं उस्ताद म्हणते तेव्हा घरातली मांजरही खाटेखाली जाते. “तुला भिक्षू व्हायचंय?”

“छे गं! मला भेंडी खायचीय.”

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने भेंडी चिरायला घेतली.

या सगळ्यात एकच माणूस लबीबच्या बाजूने उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरचे हाजी मिदहत. निवृत्त ट्राम ड्रायव्हर, तीस वर्षांचे शेजारी. बकरी ईदला कुर्बानीतला शेजाऱ्याचा वाटा ते स्वतः जिना चढून लबीबकडे आणतात, एकही वर्ष चुकलेलं नाही. या वर्षीही ताट घेऊन दारात उभे राहिले आणि लबीबचा चेहरा पडला. तीस वर्षांचा वाटा नाकारायचा कसा?

“अरे, घाबरतोस काय?” हाजी म्हणाले. “तू खात नाहीस ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. वहिनी खातील, पोरगी खाईल. फक्त तू आपल्या हाताने घे. एवढं पुरे मला.”

लबीबने ताट दोन्ही हातांनी घेतलं. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने हाजींच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. नेमकी त्याच वेळी जिन्यावरून विदाद येत होती. ताट पाहून तिने कंबरेवर हात ठेवले.

“बघा हाजीसाहेब, तुमचंही खाणार नाही हा! आता तरी विचारा याला, झालंय काय!”

हाजींना शेजारधर्म सुचला. “बाईसाहेब, त्याला गाऊट आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “मलाही आहे. राजांचा आजार. पायाच्या अंगठ्यात असतो.”

हाजींनी हे मायेपोटी केलं यात शंका नाही. पण विदादच्या कानात पडलेली गोष्ट पाण्यात टाकलेल्या वाटाण्यासारखी फुगत जाते. शुब्र्यातून ती लांबच्या मल्लावी गावाला पोचेपर्यंत अंगठ्याचा पाय झाला आणि पाय कापायचा ठरला.

आणि मल्लावीला ती पोचायला नको होती. कारण मल्लावीत किरोलोसचं घर होतं.

किरोलोस म्हणजे दम्यानाला पसंत पडलेला मुलगा. शांत, चष्मेवाला, औषधांच्या कंपनीत नोकरी. मुलगा चांगला, वडील हायस्कूलचे मुख्याध्यापक, सगळं जुळत आलेलं. साखरपुड्याची तारीख ठरवायला पन्नास दिवसांतल्या शेवटच्या रविवारी मल्लावीला जेवायचं आमंत्रण होतं. पुढे ढकलायची सोय नव्हती, कारण लगेच सोमवारी प्रेषितांचा उपास लागत होता आणि उपासात असली जेवणं होत नाहीत. अख्ख्या शुब्र्यात त्या सोमवारची वाट पाहणारा लबीब एकटाच होता. त्या दिवसापासून तो पुन्हा चारचौघांसारखा होणार होता. मधे फक्त एक रविवार होता.

शुक्रवारी दम्याना त्याच्या खाटेच्या कडेला येऊन बसली.

“बाबा, किरोलोसची आजी विचारत होती. वडिलांनी पाप केलंय की पाय कापायचाय, एक काय ते नक्की सांगा म्हणाली.”

“तू काय सांगितलंस?”

“मला माहीत असतं तर सांगितलं असतं.” तिने खाटेवरची चादर ओढून सरळ केली. “बाबा, तेता बल्समच्या, म्हणजे त्या आजीच्या, शब्दाबाहेर त्या घरात कोणी नाही. जेवायला बसल्यावर ती पहिला घास मुलीच्या वडिलांना स्वतःच्या हाताने भरवते. बदकाचा. तो घेतला की नातं घेतलं. किरोलोसच्या मोठ्या भावाच्या वेळी मुलीचा बाप म्हणाला, मला अ‍ॅसिडिटी आहे. तेताने हात धुतले आणि ते लग्न तिथेच संपलं. एक घास, बाबा. माझ्यासाठी.”

लबीबने आपल्या मुलीकडे पाहिलं. चोवीस वर्षांत तिने त्याच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, “खाईन.”

म्हणाला खरा. पण शनिवारी हाजींच्या घरी तालीम झाली तेव्हा परिस्थिती कठीण दिसली. हाजी पावाचा तुकडा बोटांत धरून म्हणत, “हे बदक,” आणि लबीबचं तोंड मिटायचं. पाव होता तो, त्याला दिसत होतं की पाव आहे, तरी मिटायचं. शेवटी हाजींनी रुमालाची युक्ती सांगितली. घास गालात धरायचा, खोकला आल्यासारखं करायचं, रुमाल तोंडाला लावायचा. चार वेळा जमलं. पाचव्या वेळी लबीबला खराच ठसका लागला आणि हाजींच्या बायकोला पाणी घेऊन धावत यावं लागलं.

रविवारी सकाळच्या गाडीने लबीब, इन्साफ, दम्याना आणि कोणी न बोलावता आलेली विदाद मल्लावीला पोचले. मुख्याध्यापकांनी दारातच लबीबच्या दोन्ही पायांकडे पाहिलं. पाय जागेवर होते. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, पण मग पापाची शक्यता वाढली म्हणून की काय, त्यांनी हस्तांदोलन जरा जपूनच केलं.

टेबल भरलेलं होतं. भरलेली कबुतरं, मटणाच्या रश्श्यातला पाव-भात म्हणजे फत्ता, द्राक्षाच्या पानांत भात भरलेली महशी, आणि मधोमध दोन बदकं. टेबलाच्या टोकाला तेता बल्सम उभी होती. काळा पेहराव, बुटकी, पंचाहत्तरीच्या पुढची, आणि मनगटं अशी की दोन गोण्या सहज उचलेल. ती बसली नाही. तिने बदकाचा एक मोठा तुकडा तोडला आणि टेबलाला वळसा घालून थेट लबीबसमोर आली.

“आ कर, लेकरा.”

सगळे बघत होते. दम्यानाने डोळे मिटून घेतले होते. लबीबने रुमाल काढला.

“रुमाल ठेव खिशात,” तेता म्हणाली. “सर्दी न्हाई तुला.”

तिने डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली. लबीबने आपल्या मुलीचा विचार केला, तिच्या लग्नाचा विचार केला, तोंड उघडलं, आणि वास आला. त्याबरोबर गच्चीवरची सकाळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी भरलं. घास ओठांना लागला होता. तेताने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिचा हात थांबला.

“अगं बाई, भाताचं पातेलं राह्यलं चुलीवर,” ती एकाएकी मोठ्याने म्हणाली. “जड हाय. तूच चल उचलायला. बाकीच्यांनी बसायचं.”

स्वयंपाकघरात भाताचं पातेलं नव्हतं. तेताने दार लोटलं.

“आता बोल. काय पाप केलंस?”

सात आठवडे जे मेहुणीला, अबूनांना, डॉक्टरणीला, हाजींना सांगितलं नव्हतं ते लबीबच्या तोंडून एका दमात बाहेर पडलं. “माझ्यामागे एक बदक चालायचं. वाकड्या पायाचं. मी रोज त्याच्याशी बोलायचो. त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं की याला राहू द्या. म्हणालो नाही. लाज वाटली. कांदे आणायला गेलो. आता घास तोंडाशी आला की… हे पाप आहे का, मला माहीत नाही. पण दम्यानाचं लग्न मोडू नका, तेता. तिचा यात काही दोष नाही.”

तेता हसली नाही. तिने विचारलं, “नाव ठेवलं व्हतंस?”

“तपासनीससाहेब.”

“माझी अझीझा व्हती,” तेता म्हणाली. “नऊ वर्षांची व्हते मी. मीच धरून दिली आईकडं. आईनं सांगितलं म्हणून.” तिने हातातला बदकाचा तुकडा ताटलीत ठेवला आणि काळ्या पेहरावाला बोटं पुसली. “त्यानंतर न्हाई खाल्लं मी. बदक न्हाई, कबूतर न्हाई, काहीच न्हाई.”

“पण तेता, तुम्ही तर सगळ्यांना…”

“भरवते. मग? भरवणाऱ्याच्या तोंडात कोण बघतंय, लेकरा? नवरा चाळीस वर्षं शेजारी बसून जेवला. त्याला वाटायचं, मी सैपाकघरात आधीच खाऊन घेते. पोरांना वाटतं, म्हातारी मागनं जेवते. आजवर कुणी इचारलं न्हाई.”

“आणि तो अ‍ॅसिडिटीवाला?”

“खोटं बोलला तो. अंगणात शिरता शिरता कबाबचा वास येत व्हता त्याच्या कपड्यांना.”

“माझ्या गाऊटचंही खोटंच…”

“ते तुझ्या मेहुणीनं सांगितलं. तू कुठं बोललास?” तेताने कोपऱ्यातलं भलंमोठं ताट त्याच्या हातात दिलं. “उचल. आणि ध्यानात ठेव, शपथ घालायची. माझ्या डोक्याची शपथ, पोरीची शपथ. शपथ घातली की समोरचा आपलाच घास सोडवत बसतो, तुझ्या ताटाकडं त्याचं ध्यान जात न्हाई.”

लबीब बाह्या सरसावून बाहेर आला. पुढचा पाऊण तास त्या घरात जे झालं त्याची आठवण मल्लावीत अजून काढतात. त्याने मुख्याध्यापकांना दम्यानाची शपथ घालून दोन कबुतरं खायला लावली. काकांना स्वतःच्या डोक्याची शपथ घातली. किरोलोसला भरवताना चष्म्यावर रस्सा उडाला, तरी तो थांबला नाही. विदादने “पण लबीब, तू…” एवढं म्हणताच त्याने तिच्या तोंडात बदकाचा मोठा तुकडा दिला, तो संपायच्या आत दुसरा, मग तिसरा आणि चौथा. जेवण संपेपर्यंत विदादला एकही वाक्य पूर्ण करता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोणीतरी गप्प केलं होतं आणि तेही पाहुणचार करून.

मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले. “मुलीचा बाप पाहुणा म्हणून आला आणि आपल्या हाताने वाढतोय,” ते म्हणाले. “काय माणूस आहे!” पापाचं कोणी नाव काढलं नाही. साखरपुडा प्रेषितांच्या सणानंतरच्या रविवारी ठरला. तेता टेबलाच्या टोकाला उभी राहून पानं आवरत होती आणि तिने लबीबकडे एकदाही पाहिलं नाही.

परतीची गाडी चारची होती. दम्याना दोन बाकं सोडून खिडकीशी बसली होती आणि फोनवर हसत होती. तिच्या समोरच्या बाकावर विदाद पोट धरून झोपली होती. लबीब समाधानाने मागे टेकला.

“खाल्लंस की शेवटी,” इन्साफ म्हणाली. “किती घास खाल्लेस?”

“मोजले नाहीत.”

“हं.” तिने पर्समधून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. पाव होता, आत तामिया आणि मुळ्याचा पाला.

“अगं, मी जेवलोय.”

“सत्तावीस वर्षं तुला वाढतेय, लबीब. तुझ्या तोंडात काय जातं आणि काय नाही, ते मला कळत नाही होय? खा.”

लबीब गुपचूप खाऊ लागला. त्याला सडकून भूक लागली होती. अर्धा पाव संपल्यावर इन्साफ खिडकीबाहेर बघत म्हणाली, “गच्चीवर बोललेलं सगळं स्वयंपाकघरातल्या डक्टमधून खाली येतं. तुला इतकी वर्षं माहीत नाही?”

लबीबचा घास तोंडातच राहिला.

“बढती, उपसंचालक, माझा गुडघा. सगळं ऐकलंय मी. तपासनीससाहेब म्हणे! माझ्याशी कधी इतकं बोलला नाहीस.” तिच्या आवाजात राग नव्हता. “त्या शनिवारी मी विदादला थांबवून ठेवलं होतं. म्हटलं, तो सांगेल कुठलं ठेवायचं ते. पाच बदकांतलं तुझं कुठलं, ते मला डक्टमधून थोडंच दिसणार होतं? अर्धा तास थांबले. तू दोन किलो कांदे घेऊन आलास आणि खोलीत जाऊन बसलास.”

त्याने तिचा हात हातात घेतला. बोटांना तेल लागलेलं होतं, पण तिने हात सोडवून घेतला नाही.

“विदादला पाच पिल्लं आणायला सांगितलीत,” ती म्हणाली. “माझा गुडघा अजून दुखतोय. वर तूच जायचंस.”

गाडी बेनी सुएफला थांबली. माणसं उतरली, चढली. गाडी पुन्हा हलली तेव्हा लबीबने घसा साफ केला आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाला, “त्यांतलं एकही कापायचं नाही.”

समोरची चार माणसं वळून बघू लागली. विदाद दचकून जागी झाली.

“हं,” इन्साफ म्हणाली. “आलं की बोलता.”